वास ओळखायचा खेळ

माझ्या बायकोला वास येईनासा झाला होता आणि मी त्याचा खेळ केला. चारचौघांत, डोळ्यांना ओढणी बांधून, गुण देऊन.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी स्वतःबद्दल थोडं बरं बोलण्याची शक्यता आहे. सवयच आहे तशी.

आम्ही दारव्ह्याचे. तहसीलमध्ये मी तीसेक वर्षं बाबूगिरी केली. कामासाठी माझं टेबल कधी नावाजलं गेलं नाही, पण माझं नाक नावाजलेलं होतं. डबे उघडायच्या आधीच कुणी काय आणलंय ते सांगायचो. एकदा "आज कुणीतरी सुकट आणली रे!" असं मोठ्यानं ओरडलो आणि साहेबांनी टेबलाखाली काढून ठेवलेले मोजे निघाले. मारेगावची बदली मला त्या मोज्यांनी मिळवून दिली, असं बायको आल्यागेल्याला सांगायची.

खरं नाक मात्र तिचं होतं. लोणी कढायला ठेवून ती समोरच्या खोलीत भाजी निवडत बसायची. मध्येच विळी बाजूला सारून उठायची, "झालं," म्हणायची आणि गॅस बंद करायची. आत जाऊन पाहावं तर तूप नेमकं उतरवायच्या रंगाला आलेलं. मी पान खाऊन, चूळ भरून, वर बडीशेप चघळून घरी यायचो, तर ही दारातच विचारायची, "आज दोन खाल्ले का हो?" हिवाळ्यात तुरीच्या शेंगा उकडल्या की आधी डोळे मिटून वाफेवर तोंड धरायची. ते झाल्याशिवाय शेंगेला हात लावू द्यायची नाही.

मग एका वर्षी वरण करपायला लागलं. एकदा, दोनदा, मग आठवड्यातून तीनदा. दूध तळाला लागून घरभर धूर व्हायचा आणि ही त्याच धुरात शांतपणे पोळ्या लाटत असायची. मी आत जाऊन म्हणायचो, "काय वं, नाक माहेरी ठेवून आली काय?" ती ओशाळं हसायची. मग तीच गोष्ट मी पानठेल्यावर मीठमिरची लावून सांगायचो. लोक हसायचे. लोक हसले की मला आणखी सुचायचं.

दिवाळीला साळी तिच्या दोन पोरींना घेऊन ढाणकीहून आली. फराळाला बसलो, तर चिवड्याच्या शेंगदाण्याला खवट वास. बायकोनं तो वास न घेताच डबाभर चिवडा केला होता. साळी तो तसाच खात होती, पण मी कसा गप्प बसणार? म्हटलं, आज परीक्षाच घेऊ. पोरीची ओढणी मागून घेतली. वाट्या मांडल्या: हिंग, कॉफी, लसणाची चटणी, संत्र्याची साल आणि शेवटी फिनाईल.

"काहून लेकरावाणी करून राह्यले तुम्ही?" ती म्हणाली.

"अवं, गंमत हाय. बस."

ती बसली. आजही मला तिचं ते बसणंच आठवतं. मांडीवर दोन्ही हात, पाठ ताठ, शाळेत तोंडी परीक्षेला बसावं तशी. पहिली वाटी तिनं कानाशी नेऊन हलकेच हलवली. "आवाज ऐकायचा नाही!" मी ओरडलो. दुसरीच्या काठावरून बोट फिरवायला गेली. "हात लावायचा नाही!" पोरी खिदळायला लागल्या. कॉफीला ती हिंग म्हणाली. हिंगाचा दोनदा वास घेतला, मग हळूच म्हणाली, "कॉफीच असन." चटणी तेवढी बरोबर सांगितली. लसूण सकाळी तिनंच ठेचला होता, अंदाजानं ठोकून दिलं.

शेवटी फिनाईल नाकाशी धरलं. तिनं चांगला लांब श्वास घेतला. आणि हसून म्हणाली, "मोगरा."

आम्ही इतके हसलो की साळीला ठसका लागला. मी पाचपैकी एक गुण जाहीर केला. बायकोनं ओढणी सोडली, तिची नीट घडी केली, पोरीच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भांडी घासायचा आवाज यायला लागला. भांडी तर घासून झालेली होती.

दीड वर्षानंतर एका आठवडी बाजाराच्या दिवशी ती भाजी घेऊन घरी आलीच नाही. संध्याकाळी एक जीपवाला तिला दारात सोडून गेला. म्हणाला, "काकू भलत्याच गावच्या गाडीत बसल्या होत्या. आईकडं जायचं म्हणत." तिच्या आईला जाऊन बारा वर्षं झाली होती.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पोरीसारख्या. त्यांनी बायकोला वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "वासाचं काही लक्षात आलं होतं का?"

मी म्हटलं, "वासाचा आणि विसरण्याचा काय संबंध?"

त्या समजावून सांगायला लागल्या. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं डोक्यात शिरताना आधी एका ठिकाणी थांबतं, मग पुढं जातं. वास तसा थांबत नाही. आठवणी आणि आवडनिवड जिथं राहतात, तिथं तो सरळ पोचतो. म्हणून नाव आठवायच्या आधीच माणसाला तो आवडतो किंवा नकोसा होतो. चांगला वास आला की श्वास आपोआप लांबतो. घाण आली की मान मागं जाते, श्वास आखडतो, आपण ठरवायच्या आधी. आणि या आजाराची पडझड पुष्कळदा त्याच भागातून सुरू होते.

"म्हणजे वास हा अर्ज न करता थेट साहेबांच्या खोलीत जाणारा माणूस," मी म्हणालो. अशा वेळीसुद्धा मला विनोद सुचतो. त्या थोडंसं हसल्या. मग मी त्यांना खेळाची गोष्ट सांगितली. त्या मात्र तिथं हसल्या नाहीत.

"फिनाईलला त्यांनी मान मागं घेतली?"

नव्हती घेतली. फिनाईलच्या वाटीवर ती वाकून राहिली होती, शेंगांच्या वाफेवर वाकायची तशी. ते माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. मी गुण मोजत होतो.

"तपासणी तर तुम्ही बरोबर केली होती, काका," त्या म्हणाल्या.

लवकर आणली असती तर काही झालं असतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आजार फारसा थांबला नसता. पण आपल्याला काय होतंय, हे त्यांना कळलं असतं. एकट्यानं सांभाळावं लागलं नसतं.

एकट्यानं म्हणजे काय, ते मला शेजारच्या वहिनींनी सांगितलं. रोज सकाळी मी पेपर आणायला बाहेर पडलो की ही वाटी पदराखाली झाकून त्यांच्याकडं जायची. कधी रात्रीची भाजी, कधी दही, कधी नुसतं पीठ. "वास घेऊन पाय बरं माय, खराब तं नाई न झालं?" वहिनी वास घेऊन सांगायच्या. वर्षभर असं चाललं.

"मी म्हटलं होतं त्याइले, भाऊजीले विचारा न, त्यायचं नाक एवढं चांगलं हाये," वहिनी म्हणाल्या. "तं म्हणे, नको. ते हसतात."

आता तिला मी आंघोळ घालतो, वेणी घालतो. वेणी चांगली येत नाही. केसांना तेल लावताना तिच्या मानेचा वास येतो, पूर्वी यायचा तोच. माझ्या नाकाला काही झालेलं नाही. तिला माझा येत नाही, आणि गेल्या पावसाळ्यापासून मला ओळखायला चेहराही पुरत नाही.

परवा दुपारी ओट्यावर बसलो होतो. तिनं माझ्याकडं पाहून पदर नीट केला.

"भाऊ, तुम्ही कुठचे?"

"इथलाच. दारव्ह्याचा."

"आमचे हेही इथंच हायेत, तहसीलात. येतीनच आता."

"येतीन," मी म्हणालो. मग म्हटलं, "एक गोष्ट सांगू का?"

"सांगा न. बसूनच तं आहो."

माफी मागायची होती, पण नवरा म्हणून मागून आता काय उपयोग? एक माणूस होता, अशी सुरुवात केली. बायकोचं करपलेलं वरण, दिवाळी, ओढणी, वाट्या, सगळं सांगितलं. पानठेल्यावर सांगायचो तसं नाही, साधं. फिनाईलपाशी थांबलो. खरं सांगतो, ती हसेल अशी मला आशा होती.

"मंग? बाई काय म्हणे?"

"काही नाही. उठून सैपाकघरात गेली."

"रडली असन."

"असन."

"आन् माणसानं काय केलं?"

"सगळ्याइले सांगत फिरला."

तिनं माझ्याकडं जरा वेळ रोखून पाहिलं. मग मान हलवली.

"बैताडच दिसते तो माणूस, भाऊ. बायकोले दवाखान्यात न्यायचं सोडून परीक्षा घेत बसला."