नको असलेल्यांचे धागे

मेलेल्या जिवाची माफी मागणारा माणूस साऱ्या भिवंडीत एकच होता, आणि तो आमच्याच घरात निघाला. ते माझे चुलत सासरे. मी त्यांना मामंजी म्हणे. खाडीच्या तोंडाशी होडी नेऊन ते दोनशे गळ बांधलेली लांब दोरी पाण्यात सोडत. दोरी शिंगाळा माशासाठी, पण आमिष कोण खाईल ते गळाला कुठे कळतं? कासव यायचं, पाणकावळा यायचा, पोटात पिलं असलेली पाकट मासळी यायची. बाकीचे लोक असले जीव भिरकावून मोकळे होत. मामंजी आधी माफी मागत. कासवाला ‘दादा’ म्हणत, पाकटीला ‘बाय’. मग घरी येऊन पडवीत टांगलेल्या एका जुन्या दोरीवर प्रत्येकाच्या नावाचा धागा बांधत. धागे निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांखालच्या कचऱ्यातले. कासवाला हिरवा, पक्ष्याला काळा, पाकटीला लाल. एकदा गळ त्यांच्याच अंगठ्यात रुतला, तर स्वतःचाही पिवळा धागा बांधला. म्हणाले, “मी पन नको असतानाच लागलो ना?”

दुपारी त्या दोरीकडे मला पाठ करवत नसे. वारा नसला तरी लाल धागे हलायचे. वीज जाऊन गावातले सगळे माग एकदम थांबले की मामंजी बोट वर करत. “सूनबाय, ऐक. खाडीतून कोन बोलतंय काय?” मी कान देई. काहीच नसे. “तेच तं,” ते म्हणत. “आधी खाडी बोलायची.” पुढे पुढे ज्या दिवशी सगळ्या गळांचं आमिष जसंच्या तसं परत येई, त्या दिवसाचा ते पांढरा धागा बांधू लागले. हा कोणाचा, असं मी एकदाच हळूच विचारलं.

“जो आलाच न्हाय त्याचा.”

त्यांचा मुलगा, माझे भाऊजी, तेव्हा नव्या नायलॉनवर पाचशे गळ बांधत होते. पाकटी पिलं टाकतात त्या दिवसांत तरी ही दोरी पाण्यात जाऊ नये, एवढीच मामंजींची धडपड. एका सकाळी त्यांनी मुलाला धाग्यांपुढे बसवलं.

“बाबा, ही दोरी हाय का नवरीची मुंडावळी?” भाऊजी हसले.

मामंजींनी मला हाक मारली. “ही चौथी शिकलेली हाय. वर्सभर हिनं मोजलंय. ही सांगल.”

मला ठाऊक होतं. दोरीच्या पहिल्या हातभरात लालच लाल, मग विरळ, आणि लाल संपले तिथून नुसते पांढरे. पण दिरापुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर दातात धरून उभी राहिले.

“बगा, तिला बी काय दिसत न्हाय,” म्हणत भाऊजी नवी दोरी खांद्यावर टाकून निघून गेले.

मामंजी रागावले नाहीत. पिशवीतून एक पांढरा धागा काढून त्यांनी दोरीच्या टोकाला बांधला. “ह्यो तुजा,” इतकंच मला म्हणाले.

आता मामंजी नाहीत. भाऊजींचे पाचशे गळही बहुतेक रिकामेच वर येतात. माग थांबले की मी पडवीत जाते आणि तेव्हा सांगायचं राहिलं ते दोरीला सांगते. लाल इथे संपले, मामंजी. तिथून पुढे कोणी आलं नाही.

वारा नसतो. पिवळा धागा हलतो.