नव्वद मिनिटांची सही

शी! आठवलं तरी किळस येते. आमच्या रंगाच्या कारखान्यात मी सांडपाणी तपासायला होते आणि दिवेमामा ते शुद्ध करायला. टाकीत बुडवलेले त्यांचे दिवे मायक्रोवेव्हच्या लहरींवर पेटायचे; आत ना तार, ना काही. त्या प्रकाशाने पाण्यातलं विष फुटून जायचं. पण दिव्याच्या काचेवर गिळगिळीत थर धरला की दिवा पेटलेला दिसतो आणि प्रकाश पाण्यात उतरतच नाही. मामा अकरा वर्षं रोज ती घाण फडक्याने पुसत आले. घरी गेले की मामी दारातूनच ओरडायच्या, "आधी मोरीत जा, मग तोंड दाखवा!"

मामांचा हट्ट एकच, पाणी पुरी नव्वद मिनिटं दिव्यांपाशी राहिलं पाहिजे. रंग विसाव्या मिनिटालाच उडतो, विष मागे राहतं. ते त्यांना नाकाने कळायचं.

मग नवा साहेब आला. पांढरेशुभ्र बूट, नाकाला रुमाल. विसाव्या मिनिटाला ग्लासभर पाणी उजेडात धरून म्हणाला, "चकाचक आहे की! कशाला वीज जाळताय? बंद करा आणि सोडा."

"साहेब, जरा वास तर घ्या."

मेल्याने रुमाल काही काढला नाही.

पाणी ओढ्यात जाणार होतं. ओढ्याकाठच्या वस्तीत मामांची लेक, आठवा महिना लागलेला, ओढ्याचं पाणी झिरपणाऱ्या तिथल्याच विहिरीचं पाणी प्यायची. टाकी सोडायची तर वहीत 'नव्वद मिनिटं' लिहून मामांची नाहीतर माझी सही लागते. मामांनी पेन खाली ठेवलं. "हात मोडला तरी करणार नाही."

साहेबाने वही माझ्यापुढे सरकवली. मी नुकतंच पाणी तपासलं होतं, विष मर्यादेच्या सहापट होतं. पण माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी सही ठोकली. थू माझ्यावर!

मामा सायकल काढून तडक वस्तीवर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे काचा पुसत बसले होते. चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मान वर न करता ते म्हणाले, "लेकीला घरी आणलंय. तिथं अजून चाळीस घरं आहेत. सही तुझी, त्यांना तूच सांगून ये, ताई."

मी गेले नाही.