आक्काची दोनशे पंचाहत्तर

बार काढायच्या आधी आक्का पदराची घडी घालून उजव्या खांद्यावर ठेवायची, तिच्यावर रायफल टेकवायची आणि स्वतःशीच म्हणायची, "एक हाय न्हवं? बास." एक म्हणजे एक गोळी. तिच्याजवळ गोळ्या कधी पुरेशा नसत. माझ्याजवळ कपाटभर. तरी गावाला कौतुक तिचं. आता तुम्हीच सांगा, माझ्या पोटात दुखणार नाही तर काय होईल?

खानापूरकडं जंगलाला लागून आमची शेतं, तिचा बांध माझ्या बांधाला. ती भात आणि रताळी करायची. मी हायस्कुलात शिकवून उरलेल्या वेळात ऊस बघायचो. रानडुकरं आणि गवे दोघांच्याही रानात यायचे. त्यांना मारायचं नव्हतं. हवेत बार काढायचा, जनावर माघारी जंगलात, एवढंच काम. पीक राखायच्या लायसन्सवर मी नवी कोरी तीनशे पंधरा बोअरची रायफल घेतली होती. आक्काचा नवरा वारला, त्याची गंजकी ठासणीची बंदूक मोडीत गेली आणि लायसन्स आक्काच्या नावावर झालं. गावात रायफलीतलं कळतं ते मलाच, अशी माझी समजूत होती. म्हणून बेळगावच्या कॅम्पातल्या बंदुकीच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेलो.

"माझ्यासारखी तीनशे पंधरा घे, आक्का. हिच्या गोळ्या कुठंबी मिळत्यात."

"तुझी उडवून बघितलीया की, मास्तर. आठवडाभर भाकरी थापाय आली न्हाय. लई लाथ मारती." तिची नजर कोपऱ्यातल्या एका जुन्या विलायती रायफलीवर गेली होती. "ती कसली?"

"दोनशे पंचाहत्तर बोअर," दुकानदार म्हणाला. "हलकी आहे, धक्काही कमी. पण आक्का, हिची गोळी आपल्याकडं होत नाही. बाहेरून आली तर एका गोळीत तुमच्या घरचा आठवड्याचा बाजार होईल. म्हणून तर कुणी घेत नाही, म्हणून तर स्वस्त."

"कुणीतरी केलीया म्हणजे कुठंतरी पडून असंलच की," आक्का म्हणाली आणि तीच घेतली. परत येताना बसमध्ये मी मनातल्या मनात हसत होतो.

मग सुरू झाला शोध. लग्न असो, बारसं असो, बाजार असो, आक्काचा एकच प्रश्न : "दोनशे पंचाहत्तरची गोळी कुठं मिळंल?" येळ्ळूरच्या एका लग्नात तर पंगतीत शेजारी बसलेल्या कंपाउंडरनं तिला विचारलं, "सकाळी घेता का जेवल्यावर?" बेळगाव झालं, कोल्हापूर झालं, हुबळी झालं. दुकानदार माना हलवायचे. मी वरवर हळहळायचो.

शेवटी पत्ता लागला तो निपाणीत. आक्काची लेक तिथं दिलेली. तिच्या शेजारी तंबाखूचे एक म्हातारे जैन व्यापारी राहायचे. त्यांच्या वडिलांची तसलीच रायफल होती. ती कधीच विकली गेली, गोळ्या मात्र निपाणीच्या एका बंदुकीच्या दुकानात जमा राहिल्या होत्या. आक्काला माझ्या गाडीतून मीच घेऊन गेलो. म्हाताऱ्यांनी आम्हाला ताक दिलं आणि आक्काकडं बघत विचारलं,

"जीव घेणार काय ह्यानं?"

"न्हाय, अण्णा. भ्या घालणार नुसतं. आवाजानं कोण मरत न्हाय."

अण्णा म्हणाले, "न्या मग. आमच्या बापानं त्या रायफलीनं शिकारच केली. ह्या गोळ्या तरी पिकाच्या कामी येऊ देत."

दुकानामार्फत, लायसन्सवर चढवून, अगदी नाममात्र दरात त्यांनी सगळ्या गोळ्या दिल्या. मला राहवलं नाही. "अण्णा, तीनशे पंधराच्या हायत काय?"

"न्हाईत. त्या बाजारात मिळत्यात की!"

आक्का ताक पिता पिता पदराआड हसली.

पुढं पोलिसांनी लायसन्सवाल्यांचं शिबिर घेतलं. माझ्या गोळ्यांनी मागच्या मातीच्या ढिगाऱ्याला भोकं पाडली. आक्कानं पदर खांद्यावर ठेवला, एकच झाडली आणि काळ्या ठिपक्याच्या मधोमध लावली. शिकवायला आलेले निवृत्त सुभेदार उठून उभे राहिले. "आक्का, आणखी एक?" "नगं. डुकरांस्नी ऱ्हाऊ दे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हळू.

आणि मग ती थंडीतली सकाळ. ऊन वर आलं होतं. मी उसाला पाणी सोडत होतो. सरीतून एक गवा बाहेर आला आणि माझ्या समोरच थांबला. मी मागं सरलो आणि चिखलात पडलो. माझी तीनशे पंधरा घरी, कपाटात, कुलपात.

"मास्तर, हलू नगंस!" बांधावरून आक्काचा आवाज आला. पाठोपाठ नुसती खट्ट. गोळी जुनी, फुसकी निघाली. गव्यानं मान खाली घातली. परत खट्ट. मी डोळे मिटले. तिसरी मात्र अशी वाजली की झाडावरचे बगळे उडाले. गवा वळला आणि ऊस तुडवत जंगलाकडं गेला.

आक्कानं येऊन मला हात दिला. "तीन गोळ्या गेल्या गं तुझ्या," मी म्हणालो.

"गोळी हुडकून मिळती रं. तू कुठल्या दुकानात मिळणार हैस?"

संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर तोच विषय. कुणीतरी विचारलंच, "मास्तर, तुमची रायफल कुठं होती?" जीव वाचला होता माझा, आणि मी तिथं बसून जळत होतो.

गेल्या पावसाळ्यात आक्का आजारी पडली. लेकीनं तिला निपाणीला नेलं. तिथंच ती गेली. लेकीनं रायफल कॅम्पातल्या त्याच दुकानात विकायला ठेवल्याचं कळलं, तसा मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

"घ्या सर," दुकानदार म्हणाला. "हिला गिऱ्हाईक नाही. तुम्हाला कमीत देतो."

इतकी वर्षं जी दुरून बघितली ती मी हातात घेतली, खांद्याला लावली. बसेचना. कोपर विचित्र दुमडायचं, डोळा दुर्बिणीला लावल्यागत नळीला चिकटायचा.

"मागचा लाकडी दस्ता कापलाय सर," तो म्हणाला. "घेतल्यावर आक्का परत आल्या होत्या एकट्याच. स्वतःच्या हाताच्या मापाचा करून घेतला त्यांनी. तुम्हाला जोड देऊन लांब करून देतो की."

"नको," मी म्हणालो. "राहू दे तसाच."

त्यानं ती परत मांडणीत उभी केली. बाकीच्या उंच रायफलींच्या रांगेत ती चार बोटं बुटकी दिसत होती.