रिकाम्या टाकीचा लाल दिवा

माझ्या आजाराचं नाव लांबलचक आहे. अर्थ एवढाच की मोठ्या आतड्याला सूज येते आणि पोटात कळ आली की दोन-तीन मिनिटांत मला संडास गाठावा लागतो. शाळेत शिकवत होते तेव्हा माझे वर्ग नेहमी तळमजल्यावर का असतात, हे फक्त मुख्याध्यापिकाबाईंना ठाऊक होतं. निवृत्तीनंतर मी सहसा मुलुंडबाहेर पडेनाशीच झाले. घाटकोपरला कोणाचं लग्न असलं तर माझा नवरा आदल्या दिवशी हॉलवर जाऊन संडास कुठल्या बाजूला आहे ते बघून यायचा. देवगडला माझी थोरली बहीण असते. तिच्याकडे मी सहा वर्षं गेले नव्हते. ती फोनवर रुसायची आणि मी उन्हाळ्याची, गुडघ्याची, कसलीकसली कारणं सांगायचे.

म्हणून आम्ही मोटरहोम घेतली. बसएवढी गाडी, आत पलंग, ओटा, फ्रिज आणि मुख्य म्हणजे स्वतंत्र संडास. बटण दाबलं की एक भिंत सोफ्यासकट बाहेर सरकायची आणि आत खोलीभर जागा व्हायची. सोसायटीतल्या बायका रांगेनं बघून गेल्या. "झकास आहे हो वहिनी, आता काय, जगभर फिरा," असं म्हणाल्या. मला जग नको होतं. मला देवगड हवं होतं.

पहिल्या खेपेला आम्ही पनवेलच्या पुढे गेलो आणि मला कळ आली. आत गेले, तर फ्लशच्या बटणाशेजारी लाल दिवा लागलेला. लाल दिवा म्हणजे मैल्याची टाकी भरली. टाकी भरली की फ्लश आपोआप कुलूपबंद होतो, आणि ह्या मॉडेलमध्ये तर झाकणही उघडत नाही. आदल्याच दिवशी नवऱ्यानं टाकी स्वतःच्या हातानं धुतली होती. मी बटण दाबत राहिले, मग झाकणावर मुठी आपटल्या. नवऱ्यानं एका पेट्रोल पंपावर गाडी घेतली. तिथवर पोचेपर्यंत उशीर झाला होता. कपडे बदलून मी पलंगावर बसले आणि म्हणाले, "गाडी वळवा." त्यानं वळवली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजाची होती.

"मॅडम, लाल दिवा लागलाय म्हणजे टाकी भरलीय. रिकामी करा."

"टाकी रिकामीच आहे."

"मग एकदा रिकामी करून बघा ना."

"अहो, जे नाहीये ते कसं रिकामं करू?"

कीबोर्डचा टकटकाट ऐकू आला. मग ती म्हणाली, "मॅडम, मी तुमची तक्रार नोंदवून घेतलीय."

ही तक्रार त्यांनी तीन वेळा नोंदवली आणि तीन वेळा बंद केली. दर वेळी मोबाइलवर संदेश यायचा की आपली समस्या सुटली आहे, आपण समाधानी आहात का? 'नाही' दाबलं की नवी तक्रार, नवा माणूस, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. मी चौथ्या माणसावर ओरडले तेव्हा नवऱ्यानं फोन काढून घेतला. तो जन्मभर पंपांच्या कारखान्यात सर्व्हिस खात्यात होता. लोकांच्या शिव्या खाण्यातच त्याची नोकरीची वर्षं गेली. "त्या पोरांच्या हातात काही नसतं गं. त्यांना समोर जे लिहून दिलंय तेच ते वाचणार," तो म्हणाला.

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांना गाठा ना! तुम्ही का त्यांची बाजू घेताय?"

"बाजू घेत नाहीये."

"घेताय."

त्या महिन्यात आमची कंपनीशी जेवढी भांडणं झाली त्याहून जास्त आमची आपसात झाली.

तेवढ्यात दुसरं लचांड आलं. एके सकाळी सोसायटीच्या आवारात नवरा ती सरकणारी भिंत तपासत होता. भिंत बाहेर आली आणि तिथंच अडकली. आत जाईना. आमच्या गाडीनं गेटकडचा अर्धा रस्ता अडवला आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा टँकर आला. इमारतीला दोन दिवस पाणी नव्हतं. लोक बादल्या घेऊन खाली उभे. टँकरवाला हॉर्न वाजवतोय, सेक्रेटरी धावत आले.

"वहिनी, हे काय यार! आत घ्या ना."

"जात नाहीये."

"जात नाहीये म्हणजे? एवढी महागाची गाडी!"

कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं की अडचणीच्या वेळी हातानं फिरवायचा दांडा सोफ्यामागे आहे. तो तिथं होताही. पण सोफ्यामागे हात घालायचा तर भिंत आत असायला लागते. हे ज्यानं डोकं लावून ठरवलं त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. शेवटी सोसायटीतल्या सात-आठ पुरुषांनी बाहेरून ढकलून ती भिंत इंचाइंचानं आत बसवली. एकाचा अंगठा चेमटला. दुपारपर्यंत मी घराबाहेर तोंड दाखवलं नाही.

ह्या प्रकारानंतर अकरा दिवसांनी कंपनीचा इंजिनीअर आला. इस्त्रीचा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं बोधचिन्ह. त्यानं बटण दाबलं. भिंत सुतासारखी सरळ बाहेर गेली आणि आत आली. लाल दिवाही त्या दिवशी लागला नाही. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले आणि एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'तपासणीत दोष आढळला नाही.'

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"मॅडम, सही नसेल तर माझी व्हिजिट लागत नाही."

"आणि सही केली तर माझा दोष राहत नाही. छान आहे."

तो बिचारा घामाघूम झाला. नवऱ्यानं त्याला सरबत दिलं. सही मी नाही केली.

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी मालिकांच्या सेटवर नट्यांचे केस करायला जाते. तिनं जिन्यात मला अडवलं. "काकू, आमच्या गोरेगावच्या स्टुडिओबाहेर व्हॅनिटी व्हॅन उभ्या असतात ना, तिथे एक मिस्त्री आहे. सगळ्या हिरोईनींचे संडास तोच दुरुस्त करतो. त्याला दाखवा." हे वाक्य ऐकून कित्येक दिवसांनी मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी आरे कॉलनीतून आम्ही गोरेगावला गेलो. मिस्त्री पन्नाशीचा, कणकवलीकडचा, कानावर पेन्सिल. त्यानं कोणताही कागद पुढे केला नाही. फक्त मला विचारलं, "दिवा कधी लागता? भिंत सरकवल्यावर काय आधी?"

मी थबकले. हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आठवून बघितलं. पनवेलच्या आदल्या दिवशी बायकांना दाखवायला भिंत चार वेळा बाहेर काढली होती.

"सरकवल्यावर," मी म्हटलं.

तो गाडीखाली आडवा झाला. वीसेक मिनिटांनी बाहेर आला आणि नवऱ्याला म्हणाला, "वाकून बघा साहेब." टाकीकडून येणारी वायर भिंतीच्या रुळाखालून नेली होती. भिंत सरकली की वायर घासायची. वरचं आवरण निघून आतली तांब्याची तार उघडी पडली होती. ती रुळाला टेकली की टाकी भरल्याचा खोटा इशारा जायचा, आणि तीच गडबड कधी भिंतीची मोटर अडवायची. "दोन्ही आजार एकाच वायरीचे," मिस्त्री म्हणाला. "ह्या असा कोणी केल्यान? कारखान्यात बसान केल्यानी, म्हणजे एकाच गाडीत नसतला." त्यानं वायर वरच्या बाजूनं नळीतून फिरवली आणि फ्लशला हातानं उघडायचा साधा खटकाही बसवून दिला.

इथं कथा संपायला हवी होती. पण माझा नवरा! घरी येऊन त्यानं कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. वायर कुठून गेली होती, कुठं घासली, आता कशी फिरवली आहे, सोबत फोटो. मी म्हटलं, "अहो, कशाला?" तर म्हणे, "बाकीच्यांच्या गाड्यांतही असणार. कळवायला नको? आम्ही असं पत्र आलं की ग्राहकाला चहाला बोलवायचो."

कंपनीचं उत्तर चार दिवसांत आलं. एवढं तत्पर उत्तर पहिल्यांदाच. अनधिकृत कारागिराने वायरिंगला हात लावल्यामुळे आपल्या वाहनाची वॉरंटी रद्द करण्यात येत आहे, कळावे.

नवऱ्यानं ते पत्र दोन वेळा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "चल. अंधेरीला जाऊ."

अंधेरीतल्या त्यांच्या काचेच्या शोरूममध्ये नेमकी आमच्यासारखीच एक गाडी उभी होती आणि एक जोडपं ती बघत होतं. बाई माझ्याहून थोड्या लहान. विक्रेता त्यांच्यासाठी भिंत आत-बाहेर करत होता. आम्ही सर्व्हिसच्या मुख्य अधिकाऱ्याला बोलवायला सांगितलं. तो खाली आला, हात जोडले, म्हणाला, "मॅडम, तुमची गैरसोय मी पूर्णपणे समजू शकतो."

"नाही समजू शकत," मी म्हटलं. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मला आतड्याचा आजार आहे. कळ आली की थांबता येत नाही. ही गाडी मी मौजेसाठी नाही घेतली, संडासासाठी घेतली. आणि तुमच्या गाडीतल्या घासलेल्या वायरीमुळे तोच बंद पडला. पनवेलच्या पंपावर माझे कपडे खराब झाले. हे तुम्ही समजू शकता?"

आयुष्यात पहिल्यांदा मी हे परक्या माणसांसमोर बोलले होते. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण नुसता राग होता. गाडी बघणाऱ्या बाईंनी विक्रेत्याला विचारलं, "वायरचं काय म्हणतायत त्या?"

अधिकारी म्हणाला, "मॅडम, आपण वर केबिनमध्ये बसू या."

"नको," माझा नवरा म्हणाला. जो माणूस रिक्षावाल्याशी कधी भांडला नाही, तो तिथं दोन्ही पाय रोवून उभा होता. "मी पस्तीस वर्षं तुमच्याच जागी बसलोय. चूक दाखवणाऱ्याची वॉरंटी काढून घ्यायची, हे मला कोणी शिकवलं नाही. इथंच बोला."

दीड तास आम्ही तिथं बसलो. फोन झाले, मेल झाले. शेवटी वॉरंटी परत चालू केल्याचं पत्र मिळालं, पण त्यात 'विशेष बाब म्हणून' असे शब्द. बाकीच्या मालकांना वायरीबद्दल कळवू, हे मात्र लेखी द्यायला तो तयार होईना. "सिस्टिममध्ये तसा पर्याय नाही," एवढंच म्हणत राहिला. काही महिन्यांनी आम्हाला घाटकोपरचे एक मालक भेटले. त्यांची गाडी कंपनीनं 'मोफत तपासणी'च्या नावाखाली बोलवून नेली आणि परत दिली तेव्हा ती वायर वरून फिरवलेली होती. का, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला तर कोणी आभाराची ओळही लिहिली नाही. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

देवगडला आम्ही गेलो. कशेडी घाट ओलांडेपर्यंत फ्रिजचं दार दोनदा उघडलं आणि दह्याचं भांडं जमिनीवर सांडलं. एका खिडकीचा पडदा रुळातून निघून नवऱ्याच्या डोक्यावर आला. तो तसाच चालवत राहिला, मी पडदा धरून बसले. वाटेत मला पाच वेळा जावं लागलं आणि पाचही वेळा जाता आलं.

बहीण अंगणात उभी होती. गाडीकडे बघायच्या आधी तिनं मला बघितलं. "किती गं बारीक झालीस! आणि गुडघ्याचं काय?"

"गुडघे चांगले आहेत," मी म्हटलं. "ताई, मी तुझ्याशी खोटं बोलत होते." ओट्यावर बसून सगळं सांगितलं, पेट्रोल पंपासकट. ती म्हणाली, "बये, एवढंच ना? आधी बोलली असतीस तर मीच आले असते मुलुंडला."

चार दिवसांसाठी गेले होते, बारा दिवस राहिले. तिनं गाडीत पाऊल टाकलं ते तिसऱ्या दिवशी, दुपारी, वीज गेली म्हणून. गाडीतल्या बॅटरीवर पंखा चालत होता. ती पलंगावर आडवी झाली आणि संध्याकाळच्या चहापर्यंत झोपली.