वन्संची घासाघीस

माणसाच्या अंगावर हात टाकायच्या आधी वन्सं हातातल्या बांगड्या काढून ठेवत. घाई नसे, आरडाओरडा नसे. एकेक बांगडी उतरून गिरणीच्या गल्ल्याशेजारच्या पितळी वाटीत पडायची आणि तो आवाज ऐकूनच भात भरडायला आणलेला गाडीवान निम्मा गार व्हायचा. "काच फुटली की मनगट आपलंच फाटतं," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. हे ज्ञान त्यांना सासरी मिळालं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, यमुना. त्यांना खडवलीला दिलं होतं. नवरा मारायचा. का मारायचा याला काही कारण नव्हतं. आमटी गार म्हणून मारायचा आणि गरम म्हणूनही मारायचा. एके दिवशी वन्सं भात कांडत असताना त्यानं मागून येऊन त्यांचे केस धरले. वन्संनी हातातलं मुसळ तसंच फिरवलं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मग त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि रुळांच्या कडेकडेनं चालत कल्याणला माहेरी आल्या. दारात मामंजी, म्हणजे माझे सासरे, उभे होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "जीव आहे का त्याचा?"

"आहे. ओरडत होता."

"मग आत ये. पाय धू."

हे मला सासूबाईंनी सांगितलं. मी लग्न होऊन ठाण्याहून कल्याणला आले ती स्वातंत्र्यानंतर एक-दोन वर्षांनी. तोवर वन्सं आमच्या भाताच्या गिरणीच्या गल्ल्यावर पक्क्या बसलेल्या होत्या. घर गिरणीच्या मागेच होतं. दिवसभर भिंती थरथरत आणि ताटातल्या वरणावर कोंड्याची साय धरे. मामंजींचे दोन मुलगे असून गिरणी चालवायची मुलगी, याबद्दल गावात बोलणारे बोलत. गल्ल्यासमोर येऊन मात्र कुणी बोलत नसे.

मलाही त्यांची एक बसली. नवीनच होते, दुपारचा चहा घेऊन गिरणीत गेले आणि इंजिनाजवळून वळले. कानशिलावर असा तडाखा बसला की मी कपबशीसकट भिंतीवर आपटले. डोळ्यांपुढं काजवे चमकले. रडायच्या आधी वन्संनी माझा पदर हातात धरून मला दाखवला. टोक काळं झालं होतं, चिरफाळलं होतं. "पट्ट्यानं ओढला असता तर मानेसकट गेली असतीस. हाक मारायला वेळ नव्हता," त्या म्हणाल्या. मग माझ्या गालाला स्वतःच तेल लावलं. तेल लावतानाही हात जडच होता.

भाव करणं ही त्यांची दुसरी कला. बाजारात त्यांच्याबरोबर जायला मला आवडायचं. वस्तू उचलायच्या, उलटीपालटी करायच्या, खाली ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. किंमत विचारायच्याच नाहीत. दुकानदार एक आकडा सांगे. वन्सं सुपारी कातरत राहत. तो आपणहून दुसरा सांगे. "पहिला आकडा ज्याच्या तोंडून निघाला तो मेला," त्या मला शिकवत, "आणि गप्प बसता येत नाही तो दुसऱ्यांदा मेला." असा विक्रेता पुन्हा पुन्हा मेला की त्या हसून पैसे मोजत आणि त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत.

आमच्या जाऊबाई गेल्या तेव्हा मात्र त्यांचं हसू गेलं. जाऊबाईंना सातव्या महिन्यात रक्त जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, ठाण्याला न्या, इथं होणार नाही. घरच्या छकड्यात घालून स्टेशनवर नेलं. पुढं कुठं मालगाडी घसरलेली, सगळ्या गाड्या अडकलेल्या. फलाटावरच्या बाकावर जाऊबाई झोपल्या होत्या, डोकं वन्संच्या मांडीवर. "वन्सं, गार वाटतंय हो," एवढं म्हणाल्या. गाडी आली तेव्हा चढवायला कुणी उरलं नव्हतं.

दिवसकार्य झालं, त्याच दुपारी वन्संनी परसातून कुऱ्हाड आणली आणि छकडा फोडायला घेतला. आधी धुरी, मग चाकं. लाकडाच्या ढलप्या उडून त्यांच्या कपाळाला लागल्या, रक्त नाकावरून ओघळलं, तरी थांबल्या नाहीत. थोरले भाऊजी ओसरीवर डोकं धरून बसले होते. मामंजींनी सगळं मोडून होऊ दिलं आणि मग विचारलं, "फोडलास. आता?"

"आता मोटार," वन्सं म्हणाल्या. "आडवं माणूस मावेल अशी."

तशी मोटार म्हणजे स्टेशन वॅगन. सगळं घर बसेल एवढी लांब, आणि मागची बाकं दुमडली की सपाट जागा. ठाण्याला हमरस्त्यावर एका शेठची मोटारींची पेढी होती. त्या काळात नवी गाडी मिळणं सोपं नव्हतं. छापील किंमत एक असायची आणि वरचे पैसे निराळे, तेही हातात, पावतीशिवाय. आम्ही चौघं गेलो: मामंजी, हे, वन्सं आणि मी. मला तेव्हा चौथा महिना होता. म्हणूनच वन्संनी मला बरोबर घेतलं होतं.

काचेआड उभी असलेली ती गाडी हिरव्या रंगाची होती. वन्संनी रंगाकडे पाहिलंही नाही. मागचं दार उघडायला लावलं, बाकं दुमडून घेतली, चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन उताण्या झोपल्या. पेढीवरचे लोक तोंडावर हात ठेवून हसायला लागले. वन्संनी पाय ताणून पाहिले, कूस बदलून पाहिली. मग मला म्हणाल्या, "सुमन, ये गं. शेजारी बसून बघ. डोकं मांडीवर घेता येतंय का?" मी चढून बसले. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. येत होतं. हसणं थांबलं होतं की मला ऐकू येईनासं झालं होतं, सांगता येत नाही.

भाव दोन खेपांत ठरला. पहिल्या खेपेला शेठ बोलला आणि वन्संनी सुपारी कातरली. "बाई, ही मोटार आहे, भाजी नव्हे," तो वैतागून म्हणाला. वन्सं म्हणाल्या, "भाजीवाली वरचे पैसे मागत नाही." दुसऱ्या खेपेला वरच्या पैशांतला मोठा भाग सुटला, एक जादा चाक आलं आणि मामंजींनी बयाणा दिला. शेठनं हात जोडून सांगितलं, सोमवारी या, गाडी तुमची.

सोमवारी शेठनं बयाणा टेबलावर ठेवला. मुंबईचं गिऱ्हाईक जास्त देतंय म्हणाला. मामंजी समजावू लागले. वन्सं गाडीपाशी गेल्या, दार उघडून चालकाच्या जागी बसल्या आणि दोन्ही हातांनी चाक धरलं.

"बाई, खाली उतरा."

"सोमवार आहे. गाडी आमची आहे."

"ए बाळाराम, काढ रे तिला बाहेर!" शेठ ओरडला. "नवऱ्यानं टाकलेली, इथं येऊन तमाशा करते!"

बाळाराम त्याच्याकडचा मेकॅनिक, तरणाबांड, हातात चाकं उतरवायची टॉमी. त्यानं वन्संचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. त्या गुडघ्यांवर फरशीवर पडल्या. ह्यांनी धावत जाऊन त्याची गचांडी धरली, तशी त्यानं टॉमी फिरवली. ती ह्यांच्या कानावर बसली. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. हे खाली कोसळले, कानातून रक्त यायला लागलं.

वन्संना बांगड्या काढायला वेळ मिळाला नाही. गाडीच्या पुढच्या चाकापाशी इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल होतं. ते त्यांनी उचललं आणि गुडघ्यांवरूनच, खालून वर, बाळारामच्या तोंडावर हाणलं. त्याचा जबडा एका बाजूला सरकलेला मी पाहिला. दात फरशीवर पडले. तो ओरडू शकला नाही. तोंड मिटतच नव्हतं. वन्सं उठल्या आणि त्यांनी पुन्हा हँडल उचललं. मी ओरडले, "वन्सं, नका!" ते खाली आलं ते गाडीच्या हिरव्या नाकाडावर. मग पुन्हा. पत्रा खोल चेपला. त्यांच्या मनगटात काचेचे तुकडे रुतले होते आणि रक्त कोपरावरून टपकत होतं.

"शेठ," त्या धापा टाकत म्हणाल्या, "ठरलेला भाव द्यायचा की पोलिसांना बोलावू? त्यांना वरचे पैसे कसले ते तुम्हीच समजावून सांगा."

शेठचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं छापील किमतीत गाडी दिली. चेपलेल्या पत्र्याबद्दल त्यातूनही काही कमी केलं. इतका चांगला भाव ठाण्यात कुणाला मिळाला नसेल, असं पुढं बरेच लोक म्हणाले. वन्संसमोर कुणी म्हटलं की त्या उठून आत जात.

कारण किल्ली हातात आल्यावर त्या वळल्या तेव्हा बाळाराम भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिसरूड फुटलेलं पोर ते. वन्संनी त्याच्याकडे पाहिलं. मग शेठच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "बाकं दुमड." मागच्या सपाट जागेवर एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला बाळाराम. बाळारामचं डोकं वन्संनी मांडीवर घेतलं. इस्पितळ येईपर्यंत त्या आपल्या पदरानं त्याच्या तोंडातलं रक्त टिपत होत्या आणि ते त्यांच्या मनगटाच्या रक्तात मिसळत होतं. आमच्या नव्या मोटारीनं पहिलं आडवं माणूस नेलं ते असं.

ह्यांचा तो कान कायमचा गेला. बाळारामचा जबडा तारेनं बांधला. त्याला फक्त पातळ अन्न चाले, म्हणून वन्सं रोज आमच्याच गिरणीच्या तांदळाची पेज घेऊन कल्याणहून ठाण्याला जायला लागल्या. एकदा मी बरोबर होते. त्या दिवशी बाळारामची आई आंबिवलीहून आली होती. आगरी बाई, काळीशार, काटक. कुणीतरी तिला वन्सं दाखवल्या. ती वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडली, "माज्या पोराचा तोंड फोरलंस ती तूच काय? आता त्यानं भाकर कशी खावाची?" आणि तिनं वन्संच्या थोबाडीत मारली.

मी डोळे मिटून घेतले. वन्संच्या अंगाला हात लावणारा माणूस मी त्या पेढीपर्यंत पाहिला नव्हता, आणि पेढीत काय झालं ते पाहिलंच होतं. पण वन्सं म्हणाल्या, "पेज गरम आहे. आधी खाली ठेवू द्या."

त्यांनी तांब्या स्टुलावर ठेवला, पदर सारखा केला आणि हात खाली सोडून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. बाईनं पुन्हा मारली. पुन्हा. ओठ फुटला. शेवटी ती स्वतःच खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली. वन्सं तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. बाळाराम पलंगावरून दोघींकडे पाहत होता. बोलता त्याला येत नव्हतं.

त्यानंतर वन्संनी कुणावर हात उचलला नाही. गाडीवानांना हे कळायला वेळ लागला नाही. एकानं ओलं भात कोरडं म्हणून घातलं आणि वर तोंड करून बोलला. वन्संचा हात बांगड्यांकडे गेला, थांबला, पुन्हा मांडीवर आला. "सुमन," त्यांनी मला हाक मारली, "ह्याच्याशी तू बोल." हळूहळू गल्ल्यावर मीच बसायला लागले. माझी मुलगी ठाण्याच्या इस्पितळात झाली; शीळ-मुंब्र्यावरून मला मोटारीतूनच नेलं आणि वाटेत वन्सं माझ्या कपाळावरून हात फिरवत होत्या. पण बाळ त्या घेईनात. "माझ्या हातात नको देऊ," म्हणायच्या. एका दुपारी मी ते त्यांच्या मांडीवर टाकलं आणि गिरणीत निघून गेले. संध्याकाळी येऊन पाहते तो दोघी झोपलेल्या.

बाळारामला त्यांनी गिरणीच्या इंजिनावर काम देऊ केलं. तो आला नाही. त्यांच्याशी कधी बोललाही नाही. आई मात्र सुगीनंतर आंबिवलीहून आपलं भात घेऊन यायची. वन्सं दळणावळ घेत नसत. ती पैसे गल्ल्यावर ठेवून जायची. "फुकट नको तुजा," म्हणायची. मग काही वर्षांनी दोघी भात होईपर्यंत दारातल्या फळीवर बसू लागल्या, पानसुपारी खात.

वन्सं काविळीनं गेल्या. आठवडाभरात गेल्या, मोटार डॉक्टरांना आणायला सारखी धावत होती आणि उपयोग झाला नाही. अंगणात पाट मांडून आम्ही बायका शेवटची आंघोळ घालायच्या तयारीत होतो, तेवढ्यात दारात गलका झाला. आंबिवलीची बाई आली होती. कुणी निरोप दिला होता कोण जाणे. ती सरळ आत आली, वन्संजवळ बसली आणि त्यांचे दोन्ही हात उचलून आपल्या मांडीवर घेतले.

सोयऱ्यांतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. परक्या जातीची बाई, अंगणात, आमच्या मेलेल्या माणसाला शिवलेली. सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"पानी मी घालतंय," ती म्हणाली.

सासूबाईंनी हातातला तांब्या तिच्यापुढं केला आणि आम्ही मागं सरलो.