दोनदा धुतलेली वाळू

काकांची बातमी निनादने मेसईदच्या प्लँटवरून फोनवर दिली, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. कंपनीच्या बसमध्येच छातीत कळ आली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी गॅस बंद केला आणि पहिला विचार आला तो काकांच्या हॉलमधल्या चित्राचा… हे लिहायलाही लाज वाटते, पण तसंच झालं.

अरविंदकाका इथे आखातात, अल मुंतझा वस्तीत, आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. वसुधाकाकू नाशिकला. काका आणि माझा नवरा निनाद एकाच प्लँटमध्ये; काका कोटिंग इन्स्पेक्टर, म्हणजे टाक्या नि पाइप रंगवण्याआधी पत्र्यावर मीठ राहिलेलं नाही ना, हे तपासणारे. मीठ राहिलं की रंगाला फोड येतात, आणि तसं झालं की काका दिवसभर कुणाशी धड बोलत नसत. एका कामासाठी चीनला गेले असताना ते सुट्टी काढून दुनहुआंगची बौद्ध लेणी पाहून आले. वाळवंटातल्या कड्यात कोरलेली, आत मिट्ट काळोख, गाइडच्या टॉर्चच्या उजेडात जेमतेम काही मिनिटं. "अजिंठ्याचीच माणसं वाटतात गं, एवढ्या लांब चालत गेलेली," म्हणाले. तिथला एक बुद्ध आणि त्याच्या डोक्यावरून उडणारी अप्सरा त्यांच्या मनातून जाईना.

चित्र तसंच हवं तर भिंतही तशीच हवी, हा त्यांचा हट्ट. दाराएवढी फळी आणली. तिच्यावर माती, गवताचं काड आणि वाळू यांचं लिंपण, वर पांढऱ्याचा पातळ हात, तो सुकल्यावर रंग. माती मी किराणा दुकानातून आणली, चक्क मुलतानी! काड चाऱ्याच्या बाजारातलं. वाळू मेसईदच्या किनाऱ्यालगतची, तीही मीच हौसेने दोन बादल्या भरून आणली.

"मेघना, समुद्राजवळची आहे. गोड्या पाण्याने सात वेळा धू."

ऑगस्ट होता. पाण्याचे कॅन उचलून माझी कंबर मोडली. दोनदा धुतली आणि बाल्कनीत वाळत घातली. संध्याकाळी काकांनी विचारलं, "झाली सात वेळा?"

"हो काका, खलास."

पुढची दोन वर्षं बाहेर स्टेडियम उभी राहत होती, रस्ते रोज नव्याने खणले जात होते आणि जो तो एकच विचारत होता, वर्ल्डकपनंतर आपलं काय? काकांचं कॉन्ट्रॅक्टही संपत आलं होतं. दर शुक्रवारी मी चहाला वर जायची. बुद्धाचा चेहरा त्यांनी काळपट काढला, तेव्हा मी वाद घातला. मूळचा रंग गुलाबीच, त्यातल्या शिशामुळे काळा पडला, हे त्यांनीच सांगितलं होतं. "मी पाहिला तसा काढतोय," एवढंच म्हणाले. मी मात्र चेहरा नाही, कडा बघत असायची. हवा दमट झाली की, मीठ वर येईल म्हणून, जास्तच निरखून. एका शुक्रवारी बुद्धाच्या गुडघ्यापाशी पांढरा ठिपका दिसला. काका आत चहा गाळत होते. मी तो ओढणीच्या टोकाने पुसला आणि ओढणी मुठीत धरून बसले. त्यानंतर दर वेळी पुसत गेले.

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. "चित्र इकडे पाठव गं. त्यांचं तेवढंच राहिलंय." कंपनी सामान पाठवणार होती. तोवर गुडघ्याभोवतीचा रंग पापुद्र्यासारखा सुटायला लागला होता. नाशिकला खोकं उघडल्यावर काय दिसेल, या धास्तीने मी चार दिवस जेवले नाही. पाचव्या दिवशी फोन करून सगळं सांगून टाकलं. दोनदा धुतलेली वाळू, खोटं, ओढणी, सगळं.



"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "वाळू त्यांनी जिभेला लावून पाहिली होती. त्याच दिवशी फोनवर बोलले होते… खारट आहे. मी म्हटलं, मग परत धुवायला सांगा. तर म्हणाले, नको, ती ओशाळेल आणि यायची बंद होईल."

चित्र आता आमच्या हॉलमध्ये आहे. काकू म्हणाल्या, तूच सांभाळ. मी रोज सकाळी मऊ ब्रशने मीठ झाडते. त्याबरोबर थोडा रंगही येतो. अप्सरेच्या पायापर्यंत मीठ पोचलंय. शुक्रवारी चहा झाला की मी चित्रासमोर बसते, पण आता ओढणीने काही पुसत नाही.