केसांना काकवी

रोज सकाळी कस्तुरीआत्या पाणी गाळायची. हंड्याच्या तोंडावर जाड दुहेरी फडकं बांधून त्यावर विहिरीचं पाणी बारीक धारेनं ओतायची. गाळून झालं की फडकं उलटं करून चांगल्या पाण्यानं खळबळायची आणि ते पाणी बादलीतून पुन्हा विहिरीत सोडायची. वरून ओतायचं नाही. बादली थेट पाण्याला टेकवून हळूच कलती करायची. फडक्यात अडकलेला जीव आपल्या घरी सुखरूप पोचला पाहिजे, एवढाच तिचा आग्रह. पाऊस असो, ताप असो, हे काम तिनं दुसऱ्या कुणाकडे कधी दिलं नाही.

सांगलीजवळच्या आमच्या गावात तिला ओळखत नाही असं घर नव्हतं. माझ्या वडिलांची, भूपाल यांची, ती थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. लग्न केलं नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मुलांची पाठशाळा घ्यायची, कुणाचं बाळंतपण असलं की सर्वांत आधी जाऊन चूल पेटवायची, आणि हसायला लागली की शेजारच्या घरातली भांडी थांबायची. केस कंबरेखाली, कोळशासारखे काळे.

येत्या रविवारी ती दीक्षा घेणार होती. म्हणजे घर सोडून साध्वी होणार, पांढरं वस्त्र नेसणार, दिवसातून एकदा ओंजळीत जेवणार, गावोगाव अनवाणी चालणार. नाव बदलणार. आणि त्याआधी, सगळ्या गावासमोर, डोक्यावरचे केस हातानं उपटून काढले जाणार.

घराला लग्नघराची कळा आली होती. रोज कुणाच्या तरी घरी तिला जेवण, ओटी, नवी साडी. अंगणात मांडव, वाजंत्रीवाल्यांची ये-जा, पाहुण्यांच्या चपलांचा ढीग. आणि या गडबडीत एका दुपारी आत्यानं मला माडीवर ओढून नेलं, दार लोटलं आणि मोबाइल पुढे धरला.

"ब्राह्मे, हे बघ. घरच्या घरी केस सोनेरी हुत्यात म्हनं. दालचिनी घालायची, लिंबू पिळायचं आन् उनात बसायचं."

"आत्या! रविवारी केस जाणार आहेत."

"म्हनूनच तर. आता न्हाई तर कवा?" तिचे डोळे लकाकत होते. "जलमभर काळेच बघितले गं. एकदा उनात सोनेरी दिसले पायजेत. मला. दुसऱ्या कुनाला न्हाई."

मला एवढं हसू आलं की ते दाबायला तिचाच पदर तोंडावर घ्यावा लागला. त्याच रात्री मी माझ्या मैत्रिणीला फोन केला. शिवांजली साताऱ्याची, वडील फौजेतून निवृत्त झालेले. दीक्षेला ती येणारच होती. ती म्हणाली, "तू काही करू नकोस. मी घरून सगळं तयार करून आणते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं ती आली. पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिनं आत्याच्या हातात ठेवला. आत्यानं झाकण उघडलं, डोळे मिटून वास घेतला.

"झ्याक हाय दालचिनी. वेलदोडा पन घातलाईस व्हय? आन् हे चिकट चिकट काय?"

"मध आहे आत्या. अस्सल. आमच्या ओळखीच्यांकडचा."

आत्याचा हात डब्यावरून हलकेच मागे आला. आमच्या घरात मध येत नाही. मधमाश्यांचं घर मोडून आलेली वस्तू. खायची नाही, लावायची नाही, उंबऱ्याच्या आतही नाही. शिवांजलीला हे ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

"आत्या, मला खरंच..."

"आगं तुजी काय चूक? चूक माजी." आत्यानं कपाळावर हात मारला. "मी आपली त्यो व्हिडिओ आवाज बंद करून बघत हुते, खाली भूपाल बसलेला. त्या बाटलीतनं तांबूस धार पडत हुती. मला वाटलं काकवीच हाय ती!"

आणि ती हसत सुटली. उसाच्या मुलखात जन्म गेलेल्या बाईला बाटलीतून पडणारी तांबूस धार म्हणजे गुऱ्हाळावरची काकवीच वाटणार. शिवांजलीही हसली, मीही. डबा शेजारच्या नाथाजीकाकांच्या ओट्यावर ठेवून आलो.

"मग काकवीच लावू की," आत्या म्हणाली.

गुऱ्हाळं चालूच होती. मी तांब्याभर काकवी आणली. शिवांजलीनं दालचिनी कुटली, आत्यानं लिंबं पिळली. चूल, मसाले, तिघींची कुजबुज. एखादा चोरटा फराळ करतोय असं वाटत होतं. मिश्रण केसांना थापून आत्याला गच्चीवर बसवलं. पाठीमागे पाटी पालथी घालून तिच्यावर केस पसरले, प्रत्येक बटेला ऊन लागावं म्हणून.

"सोनेरी झाले का गं?"

"आत्या, आत्ता तर लावलंय!"

थोड्या वेळानं शिवांजलीनं माझा दंड दाबला. पाटीच्या कडेनं मुंग्यांची रांग चढत होती. बारक्या, काळ्या. पुढच्या काही तर बटांवरून वर निघाल्या होत्या. काकवीचा हा भाग आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

"आत्या, हलू नका. मुंग्या आल्यात."

"कुनी हात लावू नका," आत्या लगेच म्हणाली. मान तशीच ताठ.

"फुंकर मारू?"

"मारू नगंस. चिकटल्या असतील, पाय तुटंल एखादीचा."

"मग धुऊन टाकू या पटकन," मी म्हणाले.

"बुडतील की!"

झालं. केस धुता येईनात, झटकता येईनात, आत्याला उठता येईना. शिवांजलीनं साखरेची एक रेघ पाटीपासून कठड्यापर्यंत ओढली आणि आम्ही दोघी पालथ्या पडून मुंग्यांची मनधरणी करू लागलो. पाहुणी सातारकरीण त्यांना "चला बायांनो, इकडून, पुढे जागा हाय" म्हणत होती. आत्या हसू दाबत होती. हसली तर केस हलतील ही भीती. तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ नाकाच्या शेंड्याशी यायचे आणि ती ते ओठांनी फुंकल्यासारखं करून उडवायची.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. वडील. दीक्षेचं ठरल्यापासून ते आत्याशी नीट बोलत नव्हते. परवानगी दिली होती, पण तिच्यासमोर बसत नव्हते. मांडव, मंडळी, वाजंत्री यांतच स्वतःला गुंतवून घेतलं होतं. त्यांनी गच्चीवरचा तो देखावा पाहिला.

"आक्का, काय चाललंय हे?"

"केस उजळतीया."

"रविवारी सगळे काढायचे, आन् आज हे सोंग? लोकं काय म्हनतील?"

"रविवारपतूर तर माजेच हायत की रं, भूपाल."

वडील मागं वळले. खाली गेले. आमची तोंडं पडली. आत्या समोर बघत राहिली, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, आता ही म्हणेल, राहू दे, पुसून टाका.

पावलं पुन्हा वाजली. वडिलांच्या हातात काळी छत्री होती. ती उघडून ते आत्याशेजारी उभे राहिले आणि तिच्या तोंडावर सावली धरली.

"केसांवर नगं पडू देऊस," आत्या म्हणाली.

"कळतंय मला."

मुंग्या जाईपर्यंत ते तसेच उभे होते. मधेच हात बदलायचे. मधेच विचारायचे, "किती राहिल्यात गं?" आणि आम्ही सांगायचो. दोघं बहीणभाऊ किती दिवसांनी बोलत होते. लहानपणी कुणी कुणाची कैरी चोरली, कुणाच्या नावानं कुणी मार खाल्ला. शेवटची मुंगी कठड्याकडे वळली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं.

केस धुतले. ओल्यात काही दिसेना, काळेच. आत्यानं आरसा उलटसुलट केला आणि म्हणाली, "असू द्या. मज्जा आली." पण रात्री जेवताना ती दोनदा वेणी पुढे घेऊन बघत होती. पुढे रोजच्या ओटी-जेवणांत ती वेणी उन्हात सुटलीच नाही.

रविवारी पहाटेपासून वाजंत्री लागली. आत्याला न्हाऊ घातलं, नवरीसारखी नटवली, फक्त केस बांधायचे राहिले. ती अंगणाच्या उगवतीच्या कोपऱ्यात उभी राहिली. ऊन कौलांवरून खाली उतरत होतं. वरचे केस सुकत आले होते, आणि तिथं, कानाच्या वरून खांद्यापर्यंत, नव्या तांब्याच्या कळशीला येते तशी झाक दिसू लागली. ती चकाकी खाली खाली सरकत होती. तिनं एक बट बोटावर गुंडाळली, उन्हात धरली, सोडली, पुन्हा धरली. शिवांजली टाळ्या पिटू लागली.

दारात जीप उभी होती. बस्तीपुढच्या मंडपात लोक खोळंबले होते. वडील आत-बाहेर करत होते, शेवटी उंबऱ्यातून त्यांनी हाक मारली, "आक्का, चल. येळ झाली."

मंडपात तिनं सगळ्यांची क्षमा मागितली, आणि त्यानंतर ती जे बोलली ते साध्वी झालेली माताजी म्हणून, सगळ्यांसाठी. आमच्या आत्याचं घरातलं शेवटचं बोलणं त्या अंगणातलं. मान एका बाजूला कलती करून, केसांतून बोटं फिरवत, मागं न बघताच ती म्हणाली,

"थांब की रं जरा. केस वाळू देत."